एक काळी गोटी

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं. आमच्या गल्लीतला सातवीतला एक मुलगा रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा. पाण्याची टाकी भरली की घंटी वाजेल असं यंत्र त्याला करायचं होतं. त्यानं डब्यात नुसत्या दोन वायरी सोडल्या होत्या आणि घंटी काही केल्या वाजत नव्हती. मी त्याला म्हटलं, "अरे, साध्या पाण्यातून तुझ्या घंटीला पुरेल एवढी वीज जात नाही. थर्माकोलचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेव, त्यावर पत्र्याची पट्टी लाव. पाणी वर आलं की पट्टी दोन्ही वायरींना टेकेल आणि घंटी वाजेल."

माझं काम एवढंच. बाकी सगळं त्यानं केलं. तेलाचा डबा आणला, तो घासून पुसून रंगवला, पट्टी कापताना बोट कापून घेतलं, चार वेळा मोडलं आणि पाचव्यांदा जमवलं.

प्रदर्शनात त्याचा पहिला नंबर आला. माझ्या स्वतःच्या प्रयोगाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. टाळ्या वाजत होत्या. मी हळूच विज्ञानाच्या सरांजवळ गेलो आणि अगदी सहज बोलतोय असं दाखवत म्हणालो, "सर, ती थर्माकोलची आयडिया माझी होती."

हे खोटं नव्हतं बरं का! आयडिया माझीच होती. तरीही ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि आपण काहीतरी वाईट केलं असं मला वाटलं. काय वाईट केलं ते मात्र तेव्हा नीट कळलं नाही.

ते कळलं बऱ्याच वर्षांनी, हम्फ्री डेव्ही आणि मायकेल फॅरेडे यांची गोष्ट वाचताना. दोघेही विज्ञानातले दिग्गज. एक गुरू, दुसरा शिष्य. त्यांचे शोध तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता. पण त्यांच्यामध्ये जे घडलं ते पाठ्यपुस्तकात सहसा नसतं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

लाकूड कोरणाऱ्याचा मुलगा

डेव्हीचा जन्म १७७८ सालचा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या पेन्झन्स गावातला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते वारले तेव्हा हम्फ्री पंधरा वर्षांचा होता आणि घरावर कर्ज होतं. त्याला गावातल्या एका डॉक्टरकडे उमेदवार म्हणून ठेवलं. औषधं कुटायची, बाटल्या भरायच्या. या पोरानं तिथंच रसायनशास्त्राची पुस्तकं मिळवून प्रयोग सुरू केले.

विशीतच तो ब्रिस्टलला एका संस्थेत कामाला लागला. तिथं वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का ते पाहत असत. डेव्ही ते वायू आधी स्वतः हुंगायचा! एकदा तर त्यात त्याचा जीवच जायचा होता. 'हसवणारा वायू' म्हणजे नायट्रस ऑक्साइड त्यानं असाच स्वतःवर तपासला. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी करायला हा वायू उपयोगी पडेल, असं त्यानं १८०० सालीच लिहून ठेवलं होतं.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि त्याचं नशीब पालटलं. त्याची व्याख्यानं ऐकायला एवढी गर्दी व्हायची की बाहेरचा रस्ता घोडागाड्यांनी तुंबायचा. १८०७ साली त्यानं विजेच्या साहाय्यानं पोटॅशियम आणि सोडियम हे धातू वेगळे केले. पोटॅशियमचे चकाकणारे थेंब पेट घेताना पाहून तो प्रयोगशाळेत चक्क नाचला. पुढच्याच वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम. आवर्त सारणी काढून बघा, त्यातले किती चौकोन या एका माणसाने भरले आहेत ते! १८१२ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला.

गरिबीतून वर आलेला, हुशार, धाडसी, सगळ्यांचा लाडका. असा हा डेव्ही.

पुस्तकं बांधणारा पोरगा

त्याच १८१२ साली लंडनमध्ये एका बुकबाइंडरच्या दुकानात वीस वर्षांचा एक मुलगा काम करत होता. मायकेल फॅरेडे. वडील लोहार. शाळा जेमतेम झालेली. बांधायला आलेली पुस्तकं तो आधी वाचून काढायचा आणि मग बांधायचा. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्यानं असाच वाचला आणि वेडावून गेला.

दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने चार व्याख्यानं ऐकली, त्यांची टिपणं काढली, घरी येऊन ती आकृत्यांसह नीट लिहिली आणि स्वतःच बांधून तीनशे पानांचं देखणं पुस्तक केलं. ते त्यानं डेव्हीला पाठवलं. सोबत पत्र. मला विज्ञानाच्या कामात कुठंतरी घ्या, एवढीच विनंती.

एवढा मोठा माणूस अशा पत्राला उत्तर देईल का? डेव्हीने दिलं, भेटीलाही बोलावलं. "पुस्तकबांधणी सोडू नकोस, विज्ञानात पैसा नाही," असा सल्लाही दिला. पण काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला भांडणावरून काढून टाकावं लागलं, तेव्हा डेव्हीला हाच पोरगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे कामावर रुजू झाला. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि माडीवर राहायला दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासाला निघाला आणि फॅरेडेला बरोबर घेऊन गेला. तिथं फॅरेडेला अँपियर भेटला, व्होल्टा भेटला. दीड वर्ष डेव्हीच्या शेजारी उभं राहून तो विज्ञान शिकला. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखी वागवायची, जेवायला नोकरांत बसवायची, हेही खरं. पण डेव्हीने उघडलेलं दार केवढं मोठं होतं ते फॅरेडे कधी विसरला नाही.

जाळीतला दिवा

आता डेव्हीचं सगळ्यात सुंदर काम ऐका. त्या काळी कोळशाच्या खाणींत मजूर उघडे दिवे घेऊन उतरायचे. खाणीत ज्वालाग्राही वायू साठलेला असायचा. तो पेटला की स्फोट. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत असा स्फोट होऊन ९२ जण मेले. त्यांत लहान मुलंही होती.

१८१५ साली लोकांनी डेव्हीला साकडं घातलं. तो खाणींच्या भागात गेला, वायूचे नमुने घेऊन आला आणि काही महिन्यांतच त्यानं उपाय काढला. दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवायची, बस्स! जाळीचा धातू ज्योतीची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. हाच तो डेव्हीचा सुरक्षा दीप.

एका मित्रानं त्याला पेटंट घ्यायला सांगितलं. वर्षाला हजारो पौंड मिळाले असते. डेव्हीने नकार दिला. हे मी माणसांच्या भल्यासाठी केलं आहे, मला पैसे नकोत, असं त्याचं म्हणणं. केवढं मोठं मन!

पण थांबा. त्याच सुमारास, त्याच भागातल्या किलिंगवर्थच्या खाणीत जॉर्ज स्टीफन्सन नावाचा इंजिन सांभाळणारा एक माणूस स्वतःच्या डोक्यानं दिवा बनवत होता. तोच स्टीफन्सन, जो पुढं रेल्वे इंजिनांमुळे जगप्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानंही १८१५ सालीच आपला दिवा तयार केला आणि वायू गळत होता अशा ठिकाणी स्वतः खाणीत उतरून तो तपासला.

डेव्हीला हे सहनच होईना. असल्या अडाणी माणसाला हे सुचेलच कसं? यानं माझी कल्पना चोरली, असं तो म्हणू लागला. डेव्हीला दोन हजार पौंडांचं बक्षीस मिळालं आणि स्टीफन्सनला शंभर गिनी. मग स्टीफन्सनच्या बाजूच्या लोकांनी चिडून त्याच्यासाठी एक हजार पौंड जमवले. दोघांनी आपापले दिवे स्वतंत्रपणे शोधले होते हे नंतर लोकांनी मान्य केलं. डेव्हीने मात्र मरेपर्यंत मानलं नाही.

गंमत पाहा. हजारो पौंडांवर जो माणूस हसत पाणी सोडतो, त्याला 'हा शोध दुसऱ्यालाही लागला' हे एक वाक्य सोडवत नाही. आणि डेव्ही स्वतः कोण होता? औषधं कुटणारा गरीब पोरगाच ना?

आपल्या जुन्या ग्रंथांत माणसाच्या तीन मोठ्या इच्छा सांगितल्या आहेत. पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा. लोकैषणा म्हणजे लोकांनी आपल्याला ओळखावं, आपलं नाव घ्यावं ही इच्छा, असा अर्थ मराठीत रूढ आहे. पैशाचा लोभ चांगल्या माणसाला चटकन ओळखू येतो, कारण त्याची लाज वाटते. नावाचा लोभ तसा नसतो. तो न्यायाचा वेष घालून येतो. "मला बक्षीस नको हो, पण खरं काय ते लोकांना कळायला नको का?" असं म्हणत येतो. म्हणूनच भल्या माणसांना तो आपल्या घरात शिरलेला कळत नाही.

पाऱ्यात फिरणारी तार

१८२० साली डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. न्यूटन जिथं बसत असे त्या खुर्चीवर पेन्झन्सचा पोरगा बसला! याहून वर चढायला जागाच नव्हती.

त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या ओरस्टेडने दाखवून दिलं होतं की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. वुलस्टन नावाच्या नामवंत शास्त्रज्ञाला वाटलं, मग तार स्वतःभोवती गरगर फिरायला हवी. १८२१ च्या एप्रिलमध्ये त्यानं आणि डेव्हीने तसा प्रयोग केला. तार फिरली नाही. फॅरेडे त्या वेळी तिथं नव्हता, पण नंतर दोघांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

सप्टेंबरमध्ये फॅरेडेने आपल्या पद्धतीनं प्रयोग केला. भांड्यात पारा घेतला, मधे चुंबक उभा केला आणि वरून सैल तार पाऱ्यात सोडली. वीज सुरू केली आणि काय आश्चर्य! तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. स्वतःभोवती नव्हे, चुंबकाभोवती. जगातली पहिली विजेची मोटर म्हणा ना! फॅरेडे आणि त्याचा चौदा वर्षांचा मेहुणा टेबलाभोवती नाचले आणि मग दोघे घोड्यांची सर्कस बघायला गेले.

इथं फॅरेडेच्या हातून एक चूक झाली. तो वुलस्टनला भेटायला गेला होता, पण वुलस्टन गावाला गेलेला. मग फॅरेडेने त्याची वाट न पाहता लेख छापायला दिला. लेखात वुलस्टनचं नाव नव्हतं. शोध लवकर आपल्या नावावर लागावा ही घाई त्यालाही झालीच होती!

लगेच कुजबुज सुरू झाली. डेव्हीच्या हाताखालच्या पोरानं वुलस्टनची कल्पना उचलली. फॅरेडे हादरला. त्यानं थेट वुलस्टनला पत्र लिहिलं, भेट मागितली. वुलस्टन शांत माणूस. त्यानं येऊन प्रयोग पाहिला आणि वाद वाढवला नाही. पण ज्या एका माणसानं दोन शब्द बोलून सगळं मिटवलं असतं, तो डेव्ही गप्प राहिला.

तेलाचे थेंब

१८२३ साली डेव्हीने फॅरेडेला सुचवलं, क्लोरीनचे स्फटिक बंद नळीत तापवून बघ. काय होईल ते मात्र सांगितलं नाही. फॅरेडेने तापवले. नळीत तेलासारखे थेंब जमले. नेमके तेव्हाच डेव्हीचे एक डॉक्टर मित्र आले होते. ते म्हणाले, "नळ्या स्वच्छ धूत जा, तेलकट राहिल्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फॅरेडेची चिठ्ठी मिळाली. तुम्ही पाहिलेलं तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होतं!

फॅरेडेने लेख लिहिला. डेव्हीने त्याला आपली टीप जोडली. प्रयोग मी सुचवला होता, आणि असंच काही होईल हेही माझ्या मनात होतं, अशा अर्थाची.

"सर, ती थर्माकोलची आयडिया माझी होती." आठवलं ना?

यातली एक गंमत तर पुढच्या वर्षी कळली. क्लोरीन आधीच, १८०५-०६ च्या सुमारास, नॉर्थमोर नावाच्या माणसानं द्रवरूप केला होता! हे कुणी शोधून छापलं? खुद्द फॅरेडेने. आपल्या आधी कुणी कुणी काय काय केलं होतं, याची नोंद त्यानंच १८२४ साली प्रसिद्ध केली. ज्या श्रेयावरून गुरूचं मन कडवट झालं, ते श्रेय मुळात तिसऱ्याचंच होतं.

सॉमरसेट हाउसचं अंगण

१८२३ च्या मे महिन्यात फॅरेडेच्या मित्रांनी त्याला रॉयल सोसायटीचं सदस्य करावं असा अर्ज लावला. त्यावर २९ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. आणि सह्या करणाऱ्यांत वुलस्टनही होता! ज्याची कल्पना चोरल्याचा आळ घेतला जात होता, त्यानंच सही केली म्हटल्यावर आळ उरला कुठं?

पण डेव्ही चिडला. त्यानं फॅरेडेला अर्ज मागं घ्यायला सांगितलं. फॅरेडे म्हणाला, तो मी लावलेला नाही, मी कसा काढू? मग लावणाऱ्यांना काढायला सांग. ते ऐकणार नाहीत. मग अध्यक्ष म्हणून मीच काढतो! यावर फॅरेडे एवढंच म्हणाला की, सोसायटीच्या हिताचं जे वाटेल तेच सर हम्फ्री करतील अशी माझी खात्री आहे. हे सगळं फॅरेडेने पुढं स्वतःच सांगून ठेवलं आहे.

अर्जावर सही करणाऱ्या एकाला घेऊन डेव्ही सॉमरसेट हाउसच्या अंगणात तासभर फेऱ्या मारत होता. फॅरेडेला घेऊ नये हे त्याला पटवत होता. कल्पना करा. युरोपातला सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ, ज्याने कित्येक मूलद्रव्यं शोधली, ज्याचा दिवा खाणींत वापरला जात होता, तो एका लोहाराच्या मुलाचं नाव यादीत येऊ नये म्हणून अंगणात येरझाऱ्या घालतोय!

काही इतिहासकार डेव्हीची बाजूही सांगतात. तेव्हा सोसायटीत ओळखीपाळखीनं कुणीही सदस्य होत असे आणि ते बंद व्हावं असं डेव्हीला वाटत होतं. आपल्याच संस्थेतला माणूस आत आला तर लोक काय म्हणतील, ही चिंता त्याला असेल. असेलही. माणसाच्या मनात एका वेळी दोन कारणं राहू शकतात. त्यातलं चांगलं तो लोकांना सांगतो.

८ जानेवारी १८२४ रोजी गुप्त मतदान झालं. तिथली पद्धत अशी, की हवा असेल तर पांढरी गोटी आणि नको असेल तर काळी. फॅरेडे निवडून आला. पेटीत काळी गोटी एकच निघाली.

ती कुणी टाकली? मतदान गुप्त असल्यामुळे पुरावा काहीच नाही. पण सगळ्यांनी मनातल्या मनात एकच नाव घेतलं, आणि दोनशे वर्षं झाली तरी लोक तेच नाव घेतात. ज्या नावासाठी डेव्ही एवढा झुरला, त्या नावाला ती काळी गोटी कायमची चिकटली.

फॅरेडेला मोह नव्हता का?

आता तुम्ही म्हणाल, डेव्ही वाईट आणि फॅरेडे संत. तसं नाही. १८३१ साली फॅरेडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की वीज तयार होते. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही हा प्रयोग कराल किंवा केलाही असेल. आपल्या कोयनेच्या वीजघरात पाण्याच्या जोरावर वीज तयार होते ती याच तत्त्वावर.

या शोधाचं पत्र त्यानं पॅरिसच्या एका मित्राला पाठवलं. ते तिथं वाचून दाखवलं गेलं. त्यावरून दोन इटालियन शास्त्रज्ञांनी तेच प्रयोग करून लेख लिहिला. तो ज्या अंकात छापला गेला त्यावर जुनी तारीख होती, त्यामुळे शोध त्यांनीच आधी लावला असं वाटू लागलं. संत फॅरेडे चिडला की हो! खरा क्रम काय होता ते त्यानं छापून दाखवलं. मार्च १८३२ मध्ये तर त्यानं एक पाकीट मोहोरबंद करून रॉयल सोसायटीत ठेवलं. चुंबकाचा परिणाम लाटेसारखा पसरत जातो, त्याला पोहोचायला वेळ लागतो, अशी कल्पना त्यात लिहिलेली होती. उद्या हे सिद्ध झालं तर ही तारीख माझी म्हणून राहावी, हा हेतू. ते पाकीट शंभराहून अधिक वर्षांनी उघडलं.

म्हणजे इच्छा त्यालाही होती. त्याचा तरुण सहकारी टिंडल याने लिहून ठेवलं आहे की, फॅरेडे मुळात तापट होता, पण त्यानं स्वतःला आवर घालून तो ताप कामाला लावला होता. तो प्रत्येक वेळी स्वतःला तपासायचा. वुलस्टनचं नाव राहिलं ही चूक त्याला जन्मभर पुरली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद पुढं त्याच्याकडं चालून आलं, तेव्हा तो नको म्हणाला. मला शेवटपर्यंत साधा मायकेल फॅरेडेच राहू द्या, असं त्याचं म्हणणं. ज्या खुर्चीनं आपल्या गुरूचं काय केलं ते त्यानं जवळून पाहिलं होतं.

आणि डेव्ही? त्याची गोष्ट काळ्या गोटीवर संपत नाही. १८२५ साली, म्हणजे निवडणुकीनंतर साधारण वर्षभरानं, रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचा संचालक म्हणून फॅरेडेला नेमलं गेलं. शिफारस कुणाची? डेव्हीची! मनातली ती गाठ त्याची त्यालाही कुठंतरी टोचत असेल. पुढच्याच वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हामध्ये तो वारला. पन्नास वर्षांचा होता फक्त. सुरक्षा दिव्यासाठी खाणमालकांनी त्याला चांदीची भांडी भेट दिली होती. ती पुढं विकून त्या पैशांतून रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक सुरू झालं. दुसऱ्यांच्या शोधांचा गौरव करण्यासाठी.

फॅरेडे त्यानंतर अडतीस वर्षं जगला. गुरूनं आपल्याशी काय केलं ते तो विसरला नाही, पण गुरूविषयी आदरानंच बोलत राहिला. ज्यानं दार उघडलं आणि ज्यानं वाट अडवली, ती दोन माणसं नव्हती. एकच होता. त्यातलं काय आधी आठवायचं ते फॅरेडेने ठरवलं होतं.

आणि आपण?

मित्रांनो, नाव व्हावं असं वाटणं हा काही गुन्हा नाही. आपल्याला तर लहानपणापासून शिकवतात की माणूस गेला तरी कीर्ती मागं राहायला हवी. स्नेहसंमेलनात आपलं नाव पुकारलं की छाती फुगतेच. ती फुगावीच. पण दुसऱ्याचं नाव पुकारलं जातं तेव्हा, त्यातही आपण ज्याला शिकवलं त्याचं नाव पुकारलं जातं तेव्हा, आपण काय करतो? डेव्हीची परीक्षा तिथं झाली. माझीही तिथंच झाली होती.

एक साधी सवय मला फॅरेडेच्या चुकीतून लागली. काही काम हाती घेतलं की वहीच्या शेवटच्या पानावर मी नावं लिहून ठेवतो. कुणी काय सुचवलं, कुणी वस्तू आणून दिली, कुणी नुसतं ऐकून घेतलं. काम संपल्यावर ही नावं आठवत नाहीत हो! आपण मुद्दाम विसरतो असं नाही, पण विसरतो. तुम्हीही हे करून बघा.

आणि कुणाला तुम्ही काही शिकवलंत, तर त्याच्या वहीत आपलं नाव आहे का ते बघायला जाऊ नका.

माझी गोष्ट अर्धीच सांगितली मघाशी. मी सरांना ते वाक्य म्हणालो तेव्हा सरांनी नुसती मान हलवली. वळून पाहिलं तर तो मुलगा मागंच उभा होता, हातात बक्षिसाचं पुस्तक घेऊन. "दादा, हे बघ," असं म्हणून ते मला दाखवायला आला असणार. तो काही बोलला नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.